माळावरचा बावटा

"खाली बसा," मी म्हटलं आणि आबा मुकाट्याने खाली बसले.

मी कपाळाला हात लावला. "आबा, बसायचं नाही. अध्यक्षांनी बसा म्हटलं तरी लगेच बसायचं नाही. आधी म्हणायचं, अध्यक्ष महाराज, माझं बोलणं पुरं होऊ द्यावं."

"अगं, पण हुकूम झाला ना?"

"तो हुकूम नसतो. तिथे कुणी कुणाला हुकूम देत नाही."

"मग खुर्ची एवढी उंच कशाला ठेवलीय?" आबा म्हणाले.

नागपूरच्या आमदार निवासातली ती खोली. हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि सकाळचं कोवळं ऊन खिडकीतून आत आलं होतं. कॉटवर ट्रंक, ट्रंकेवर उशी, उशीवर मी आणि माझ्या अंगावर आबांची शाल, असा थाट होता. मी विधानसभेची अध्यक्ष होते. समोर माझे वडील, सुभेदार गुलाबराव निकम, फौजेतून निवृत्त आणि नुकतेच आमदार, भाषणाची तालीम करत उभे होते. खाली सतरंजीवर बसून संत्री सोलणारी हौसाआत्या मंत्री झाली होती. तिला एकच वाक्य होतं. आबांचं बोलून झालं की तिने म्हणायचं, "सरकार विचार करंल." ते ती अशा काही तोऱ्यात म्हणायची की आबा हसायचे आणि मग तीही पदर तोंडाला लावून हसायची. बिरू गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

हौसाबाई शेंडगे माझी सख्खी आत्या नव्हे. आम्ही गावातले निकम, ती धनगरवाड्यातली. पण गावच्या नात्याने आबा तिचे दादा, म्हणून ती माझी आत्या, आणि तिचा बिरू आबांना सुभेदारमामा म्हणायचा. नवरा लवकर गेला होता. बिरू एकुलता एक. उंचापुरा, लाजाळू, मेंढरांशी गप्पा मारणारा. माघात त्याचं लग्न ठरलं होतं. ते काही त्याच्या नशिबी आलं नाही.

हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता, म्हणून आधी बावट्याचं सांगते.

आमच्या वाघझरीच्या पाठीशी मोठा माळ आहे. त्या माळावर लष्कराचा तोफांचा सराव चालायचा. सराव असला की माळाच्या खांद्यावर लाल बावटा चढे. बावटा दिसला की माणसाने, जनावराने वर जायचं नाही. नसला की खुशाल मेंढरं सोडायची. पण गावातून तो बावटा बोटाच्या पेराएवढा दिसायचा, सकाळच्या धुरक्यात तोही नीट नाही. म्हणून आबा फौजेतून घरी आल्यापासून एक रीत पडून गेली. उजाडलं की आबा माळवदावर चढत, फौजेतून आणलेली दुर्बीण डोळ्याला लावत आणि खाली दारात थांबलेल्या गुराख्यांना सांगत, "बावटा आहे," नाहीतर, "नाही, जावा." वर्षानुवर्षं हेच चाललं. पुढेपुढे तर माळाकडे स्वतःच्या डोळ्यांनी कुणी बघेनासंच झालं. सुभेदार म्हणतील तो बावटा, असं गावात गमतीने म्हणत, आणि त्या गमतीत अभिमानही असायचा. आबांना तो कळायचा आणि आवडायचा. माणूस होते तेही.

त्या दिवशी आबांनी बावटा नाही असं सांगितलं. बिरू मेंढरं घेऊन वर गेला आणि दुपारच्या आत त्याच्यावर गोळा पडला.

लष्कराचं म्हणणं, बावटा पहाटेपासून चढवलेला होता. आबा म्हणाले, "मी स्वतः बघितलंय, नव्हता." गावाला तेवढं पुरे होतं. सगळं गाव आबांच्या पाठीशी उभं राहिलं. पण विचारायचं कुणाला? जिल्ह्याचे साहेब म्हणायचे, लष्कर आमच्या हातात नाही. लष्करी कचेरीत म्हणायचे, आमची चौकशी आम्ही केली, ती बाहेरच्यांना दाखवता येत नाही. एका कचेरीतून दुसरीत फिरून आबांच्या चपला झिजल्या. त्या चिडीतूनच ते निवडणुकीला उभे राहिले. भाषण करायला यायचं नाही, एकच बोलायचे. "तोफ दिल्लीची, माळ मुंबईचा, आणि बिरू कुणाचाच नाही, असं कसं चालेल?" लोकांनी तेवढ्यावर त्यांना निवडून दिलं.

आणि आता त्यांचा ठराव आला होता. राज्यात लष्कराचं जे काही चालतं, सरावाचे माळ, त्यासाठी घेतलेल्या जमिनी, त्यापायी मेलेली माणसं, या सगळ्यावर देखरेख ठेवायला विधिमंडळाची एक समिती असावी. तिने गावकऱ्यालाही बोलवावं, लष्करी साहेबालाही विनंती करून समोर बसवावं आणि विचारावं. कुणाला फाशी द्या असं आबांचं म्हणणं नव्हतं. कुणीतरी विचारावं एवढंच होतं. आमदारांच्या खासगी ठरावांना शुक्रवारी वेळ मिळायचा, त्यातही चिठ्ठ्या टाकून नाव निघालं तर. आबांचं निघालं होतं.

खानदेशातले बापूसाहेब देसले म्हणून जुने आमदार होते, पेशाने वकील. त्यांचा आबांवर जीव जडला होता. त्यांनी आबांना आधीच समजावून ठेवलं होतं की अशा ठरावांचं पुढे काय होतं. मंत्री गोड बोलतात, विचार करू म्हणतात. मग अध्यक्ष विचारतात, सदस्य ठराव मागे घेतात का. सदस्य मागे घेतात आणि सगळे चहाला जातात. "तुम्ही मागे घ्यायचा नाही," बापूसाहेबांनी बजावलं होतं. "मताला टाका म्हणायचं. ज्यांच्या तालुक्यांत घरटी एक माणूस फौजेत आहे, असे सरकारी बाजूचेही काही जण हात वर करतील. मी बोलून ठेवलंय सगळ्यांशी."

म्हणजे आबांना तिथे फक्त नाही म्हणायचं होतं. आणि उंच खुर्चीवरून कुणी काही सांगितलं की आबांना नाही म्हणता येत नव्हतं. सगळी हयात हुकूम मानण्यात गेलेली. मी शाळेत गणित शिकवते, चाळीस-पन्नास मुलांना वठणीवर आणते, पण आपल्या बापाला उभं राहायला शिकवणं मला जड जात होतं.

दुसरी कटकट भाषणाची. मी लिहून दिलेलं त्यांना वाचता येईना. म्हणे तुझं अक्षर बारीक. मी ते कॅलेंडरच्या पाठीमागे बोटभर अक्षरांत लिहून काढलं. तरी ते कागद खिडकीशी नेऊन, लांब धरून, मान तिरकी करून बघायचे. डोळे दाखवा म्हटलं की चिडायचे. ज्याच्या डोळ्यांवर गाव चालतं त्याचे डोळे दाखवायचे म्हणजे काय, असा तो राग होता.

"पुन्हा," मी म्हटलं. "मंत्री, बोला."

"सरकार विचार करंल," हौसाआत्या म्हणाली.

"सन्माननीय सदस्य ठराव मागे घेतात का?"

आबांनी छाती पुढे काढली. एकदा माझ्याकडे, एकदा आत्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही, अध्यक्ष महाराज. मताला टाका."

मी टाळ्या वाजवल्या. आत्याने सोललेलं अख्खं संत्रं त्यांच्या हातावर ठेवलं. आम्ही तिघंही फार खूश होतो. त्या खोलीतलं ते ऊन, संत्र्यांचा वास आणि आबांचं ते लहान मुलासारखं फुशारलेलं तोंड मला अजून आठवतं.

खूश होते म्हणूनच आबांनी पुढचा विषय काढला. समिती झाली की पहिली साक्ष हौसाचीच होणार, तेव्हा तिचीही तालीम करून घेऊ, असं ते म्हणाले. आत्याने विचारलं, समिती म्हणजे नेमकं काय करणार. मी सांगितलं, समोर बसवतील, खरं सांगेन अशी शपथ घ्यायला लावतील आणि विचारतील.

"कशाची शपथ?" आत्या म्हणाली. "भंडारा उचलावा लागंल?"

आत्याच्या कमरेला कायम एक लहानशी पिशवी खोवलेली असायची. तिच्यात बिरोबाचा भंडारा, हळदीची पूड. भंडारा उचलून आमच्याकडचा धनगर खोटं बोलत नाही. वाटण्या मोडतात, लग्नं मोडतात, पण भंडारा उचलून सांगितलेलं कुणी बदलत नाही. कोर्टातल्या शपथेचं कुणाला काही वाटत नाही, हिचं वाटतं.

"तू भंडारा उचललास तर आणखी काय पाहिजे?" आबा म्हणाले. ते तिच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. "असं समज, मी समिती. हौसाबाई, त्या दिवशी सकाळी माळावर बावटा होता का?"

आत्याने पिशवी सोडली. आत बोटं घातली. मी बघत होते. हात आतच राहिला. मग तिने हात तसाच रिकामा बाहेर काढला. बोटांची टोकं पिवळी झाली होती.

"मागनं, दादा," ती म्हणाली. "येळ आली की सांगीन."

पोराची आठवण आली असणार. मला आबांचा रागच आला. सकाळी सकाळी बाईला हसवून वर रडवायचं कशाला? मी म्हटलंही तसं. आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते आत्याच्या हाताकडे बघत होते. ती बोटं पदराला पुसत होती आणि ते बघत होते. मग ते उठले, कोट चढवला, टोपी घातली आणि निघाले. भाषणाचे कागद कॉटवरच राहिले. मी ते घेऊन जिन्यापर्यंत धावले तर म्हणाले, "राहू दे. तसाही मला वाचता येत नाही."

दुपारी मी आणि आत्या प्रेक्षक गॅलरीत बसलो. तिथे बोलायचं नाही, हात करायचा नाही, टाळी वाजवायची नाही, असं दारातच बजावलं होतं. आत्या अंग चोरून बसली होती. खाली आबांचं नाव पुकारलं गेलं.

आबा बोलले ते हळू आवाजात. तालमीतलं त्यात काहीच नव्हतं. तोफ दिल्लीची आणि माळ मुंबईचा, हे मात्र म्हणाले, आणि बिरू कुणाचाच नाही, हे म्हणताना थांबले. बोलत बसलेले सदस्यही गप्प झाले. मग म्हणाले, "चूक कुणाचीही असो. लष्कराची असो, गावची असो. ती कुणाची आहे हे विचारणारं कुणीतरी पाहिजे." गावची असो, हे आम्ही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं, आयत्या वेळी सुचलं. बरं सुचलं, असंही वाटलं.

बापूसाहेबांनी जोरदार पाठिंबा दिला. आणखी दोघंतिघं बोलले. मंत्री उठले आणि आत्याने सकाळी जे एका वाक्यात सांगितलं होतं ते त्यांनी बराच वेळ सांगितलं. मग अध्यक्षांनी विचारलं, "सन्माननीय सदस्य ठराव मागे घेतात का?"

बापूसाहेबांनी मागे वळून आबांना खूण केली. समोरच्या बाकांवरही काही माना आबांकडे वळल्या. आबा उभे राहिले आणि त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मी बाजूला पाहिलं. आत्याने कमरेची पिशवी मुठीत गच्च धरली होती आणि तिचे ओठ हलत होते.

"अध्यक्ष महाराज," आबा म्हणाले. त्यांच्या टाचा जुळल्या. "मी ठराव मागे घेतो."

"सुभेदार, सावधान," कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणालं आणि सभागृह हसलं. सभागृहाच्या अनुमतीने ठराव मागे घेतल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि पुढचं नाव पुकारलं. आबा खाली बसले. मला रडू कोसळलं ते रागाने. बापूसाहेबांनी एवढी मतं जमवली होती, आत्या एवढ्या लांब आली होती, मी शाळेतून रजा काढून ट्रंकेवर बसून घसा फोडला होता, आणि या माणसाने एका प्रश्नासरशी टाचा जुळवल्या.

बाहेर बापूसाहेब भेटले. बिचारे चिडलेही नाहीत. "मताला टाकलं असतं तर निघालं असतं हो, सुभेदार," एवढंच म्हणाले. आबा म्हणाले, "चूक झाली."

आत्या हिरवळीवर झाडाखाली बसली होती. मी आबांना तोंडाला येईल ते बोलत होते. आता तिला काय सांगणार, कुठल्या तोंडाने सांगणार, सुभेदार तुम्ही घरी, इथे तर अजून रंगरूटच आहात. बापाला असं बोलायला नको होतं, पण बोलले. मग आबा आत्याजवळ जाऊन बसले.

"हौसा," ते म्हणाले, "बावटा नव्हता ना?"

"न्हाई, दादा," आत्या लगेच म्हणाली. "न्हवता." तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"बरं," आबा म्हणाले.

तिने संत्र्याची फोड पुढे केली, ती त्यांनी घेतली. खाल्ली मात्र नाही. हातात धरून बसून राहिले.

वर्तमानपत्राने चौकटीत गंमत छापली. 'खाली बसा' असा हुकूम ऐकताच सुभेदारांनी ठराव म्यान केला, अशी काहीशी. ती आमच्या तालुक्यात आमच्या आधी पोहोचली. मंत्र्यांनी जो विचार करायचा म्हटलं होतं तो काही कुणी केला नाही. पुढच्या निवडणुकीत आबा पडले, अनामतही राहिली नाही. गावातली पोरं रस्त्यात त्यांना बघून म्हणायची, "खाली बसा." आबा पारावर, पायरीवर, जे जवळ असेल त्यावर बसायचे. पोरं खिदळायची, आबाही हसायचे. मी हे बघितलं की घरात येऊन दार लावून घ्यायची.

पण ते पुढचं. नागपूरहून आल्या आल्याच आबा आपण होऊन म्हणाले, डोळे दाखवायचेत. मला नवल वाटलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. चांगला पिकलाय, ऑपरेशन करू, काळजी करू नका, म्हणाले.

"गेल्या साली असेल का?" आबांनी विचारलं.

"असणारच," डॉक्टर म्हणाले. "हा काय आजचा आहे? तुम्हाला लांबचं धूसर दिसत असेल, पण सवयीने कळलं नसेल."

दवाखान्याचा जिना अरुंद होता. मी त्यांचं कोपर धरलं होतं. निम्म्या जिन्यात मला हौसाआत्याची पिवळी बोटं आठवली. बावटा होता. आत्याने तो बघितला होता. भंडाऱ्यावर तिला खोटं सांगता येत नव्हतं आणि दादांसमोर खरं सांगवत नव्हतं. आबांनी ते त्या रिकाम्या हातावरून सकाळीच ओळखलं होतं. ठराव पास झाला असता तर उद्या समितीने तिला भंडारा उचलायला लावला असता, म्हणून आबांनी टाचा जुळवल्या. त्यांनी हुकूम मानला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या मनाने खाली बसले होते, आणि अख्खं सभागृह त्याला हसलं होतं.

माझ्या बापाला तेव्हाच मिठी मारायला हवी होती. पण आमच्या घरात तशी रीत नव्हती. मी म्हटलं, "सावकाश, आबा, पायरी आहे." ते म्हणाले, "दिसतीय."

ऑपरेशन झालं, चष्मा लागला. दुर्बीण मात्र त्यांनी पुन्हा डोळ्याला लावली नाही. त्याऐवजी रोज झुंजुमुंजू होताच ते घराबाहेर पडायचे आणि सराव सुरू व्हायच्या आत माळाची चढण चढून थेट बावट्याच्या खांबापर्यंत जायचे. खांबाला हात लावायचे, वर बघायचे आणि मग गावात येऊन सांगायचे. पाऊस असो, थंडी असो. पडेल आमदाराला दुसरं काय काम, असं लोक म्हणत. मी काही म्हणत नसे. पाय सुजायचे, मी तेल चोळून द्यायची. हे त्यांनी मरेपर्यंत केलं. त्यांच्या हयातीत त्या माळावर पुन्हा कुणी दगावलं नाही. हौसाआत्याकडे दर सणाला ते जात, ती दर भाऊबीजेला ओवाळायला येई. दोघांत बिरूचा विषय मी पुन्हा कधी ऐकला नाही.

आबा गेले ते झोपेत, शांतपणे. दिवस घालून झाल्यावर पाहुणे पांगले. संध्याकाळी हौसाआत्या परसात माझ्याजवळ येऊन बसली. आता तीही थकली होती. मग कुणी न विचारता तिने कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि हात वर केला.

"बावटा व्हता, शालन," ती म्हणाली.

"माहीत आहे मला, आत्या," मी म्हटलं.

"तुला ठावं न्हाई." तिने हात खाली घेतला नाही. "माज्या बिरूनं बगितला त्यो. त्याचं डोळं घारीगत व्हतं. मेंढरं सोडताना म्हणला, आये, बावटा दिसतुया की. म्या म्हणलं, तुजं डोळं मोटं का सुभेदारांचं? दादा न्हाई म्हणल्यात, म्हंजी न्हाई. जा गुमान. त्यो जात न्हवता. म्या धाडला."

मी तिच्या आणखी जवळ सरकले.

ती मग हळूहळू सांगत राहिली. नागपूरच्या त्या खोलीत भंडारा उचलला असता तर आधी दादांचे डोळे खोटे पडले असते आणि मागोमाग तिलाही सांगावं लागलं असतं की पोराने बघितलं होतं आणि आईने ढकललं. एकातून दुसरं निघालंच असतं. म्हणून हात वर आला नाही. गॅलरीत बसून ती बिरोबाला एकच विनवत होती की दादांना खाली बसव. दादा बसले. आपल्या दादांना हुकूम मोडता येत नाही हे किती बरं, असं तिला वाटलं होतं. आणि त्याच दादांना पोरं रस्त्यात खाली बसा म्हणायची तेव्हा आपल्यापायी चाललंय हे, असं वाटून तिला घास गिळायचा नाही.

सांगू की नको, असं मला झालं. पण तिच्या तळहातावर भंडारा होता. मी सांगितलं. तिचा रिकामा हात बघून आबांना सगळं कळलं होतं, त्यांनी ठराव तिच्यासाठी मागे घेतला होता आणि आपल्याच डोळ्यांनी बिरूला मारलं असं मनात धरून ते इतकी वर्षं रोज त्या खांबापर्यंत चालत होते.

आत्याचा हात खाली आला, भंडारा लुगड्यावर सांडला.

"म्हंजी दादा एकलंच," ती म्हणाली. "आन् म्या बी एकलीच."

मी तिला जवळ घेतलं. त्या दोघांत मिळून एकच प्रश्न होता. तो विचारायला कुणीतरी परकं माणूस समोर बसायला हवं होतं, आणि दोघांनीही एकमेकांच्या मायेपोटी तेवढंच होऊ दिलं नाही. आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत रडलो.

सकाळी मला दारातल्या आवाजाने जाग आली. सुतकात गावाने मेंढरं माळावर सोडली नव्हती, आता सवयीने गुराखी येऊन थांबले होते. आबा नाहीत हे त्यांना माहीत होतं, पण दुसरीकडे जावं कुठे? एकाने चाचरत विचारलं, बावट्याचं काय करायचं. मी आत जाऊन दुर्बीण शोधावी का, अशा विचारात उंबऱ्यात उभी राहिले. इतक्यात त्यांच्यातला एक जण म्हणाला, "त्ये बगा, कोण उतरतंय."

माळाच्या वाटेने एक म्हातारी बाई खाली येत होती. चार पावलं चालायची, गुडघ्यावर हात ठेवून थांबायची, पुन्हा चालायची. ओढ्याच्या अलीकडे पोहोचल्यावर तिने आमच्या दाराकडे बघून हात वर केला.

"हाय," हौसाआत्या म्हणाली. "आज कुणी जायाचं न्हाई."